काचेवरचं पिंपळपान

शालनमावशी माणसाच्या तोंडाकडे आधी बघायची नाही, हातांकडे बघायची. मी शिरवण्याच्या यार्डात कामाला लागले त्या सकाळी भोईरशेठनी माझी ओळख करून दिली. "शालन, ही आपली नवीन म्याडम. गाऱ्यांचं फोटो काढील, इंटरनेटवर टाकील." एका गाडीच्या मागे उकिडवी बसलेली बाई मान वर न करता म्हणाली, "नखं दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सोमवारी प्रार्थनेनंतर नखं तपासायचे, तीच सवय असावी. तिने माझी बोटं उलटसुलट करून पाहिली. तिचे हात गार होते, तेलकट होते, आणि त्यांना निलगिरीचा वास येत होता.

"खातीस," ती म्हणाली. "खात जाऊ नको, लेकरा. नख नसलं तर कोपरा कसा धरशील?"

कसला कोपरा, हे मी विचारलं नाही. तेव्हा मी कुणालाच काही विचारत नसे. घरात मराठीच होतं, पण अनोळखी माणसासमोर वाक्य जुळवून होईपर्यंत तो माणूस निघून गेलेला असायचा. गाड्यांचे फोटो काढायचं काम मी त्यासाठीच घेतलं होतं. गाड्यांशी बोलावं लागत नाही.

यार्ड म्हणजे शिरवणे गावामागचा, एमआयडीसीच्या भिंतीला लागलेला पत्र्यांनी वेढलेला तुकडा. भोईरशेठ मूळचे तिथलेच. जिथे त्यांच्या आजोबांची भातखाचरं होती तिथे आता जुन्या गाड्या ओळीने उभ्या असायच्या. शेठ त्या विकत घ्यायचे, धुऊन-घासून चकाचक करायचे आणि पुन्हा विकायचे. त्यांचा एकच नियम होता: गाडीवर आधीच्या मालकाची एकही खूण राहता कामा नये. "गिऱ्हाईक येतो तो सपना घेऊन येतो," ते म्हणायचे. "काचेवर दुसऱ्याच्या पोराचा नाव बघला का सपना फिस्स."

ती खूण पुसायचं काम शालनमावशीचं. आमच्याकडे गाडीवर चिकटवायच्या कुठल्याही अक्षराला, चित्राला, पट्ट्याला रेडियमच म्हणतात. मागच्या काचेवर पोरांची नावं, बॉनेटवर गरुड, दारावर आगीच्या ज्वाळा, आईचा आशीर्वाद, कुलदैवत. उन्हातान्हात ते रंगाला असं धरून बसतं की घाईने ओढलं तर रंगासकट येतं. ब्लेड लावलं तर ओरखडा उठतो, पेट्रोल लावलं तर रंगाची चमक जाते. मावशी केस वाळवायच्या मशीनने सावकाश ऊब द्यायची. हात ठेवून बघायची, बाळाला आंघोळ घालताना पाणी बघतात तसं. मग नखाने एक कोपरा उचलायची, आणि सारसोळ्याच्या कोळणीकडून आणलेला जाळ्याचा नायलॉन दोरा त्याखाली घालून करवतीसारखा, पण आवाज न करता, पुढे-मागे ओढत जायची. शेवटी उरलेला चिकटा निलगिरीच्या तेलाने.

हे सगळं मी पहिल्याच आठवड्यात लांबून पाहिलं. जवळ जायला मात्र वेळ लागला, कारण ती काम करताना बोलायची, आणि ज्यांच्याशी बोलायची ते तिथे नसायचे.

"चल, ओमकार, ऊठ आता," ती काचेला म्हणायची. "ऊन झालं की रे बाबा." कोपरा सुटत नसला तर, "रुसलास का? बरं. पड अजून थोडा." आणि नाव अख्खं हातात आलं की हलकेच, "आला. आला बग माझा राजा."

आधी मला वाटलं, फोनवर बोलतेय. मग पाहिलं, तर फोन खिळ्याला टांगलेल्या पिशवीत होता.

काढलेलं नाव ती कधी कचऱ्यात टाकायची नाही. यार्डाच्या कोपऱ्यात तिची सामान ठेवायची पत्र्याची खोली होती. त्या खोलीच्या दरवाजाला आतून तिने ती सगळी नावं चिकटवली होती, एकाला एक लागून. दार लोटलं की बाहेरून नुसता गंजका पत्रा. आत गेलं आणि फटीतून ऊन आलं, की पूर्ण दरवाजा चमकायचा. ओमकार, साक्षी, दादा, यश-आर्या, आईसाहेब, छोटा डॉन. मी एकदाच आत एकटी गेले होते, पाण्याची बाटली आणायला. मागे दार आपोआप लोटलं गेलं आणि त्या सगळ्या नावांनी एकदम माझ्याकडे पाहिलं असं वाटलं. नावांना डोळे नसतात हे मला कळत होतं. बाटली तिथेच ठेवून मी बाहेर आले.

"बघितलंस का त्यांना?" मावशी म्हणाली. "गुणाची हायेत. आवाज करत नाहीत."

तिची आणखी एक सवय होती, आणि ती मला सर्वांत जास्त खटकायची. नवी गाडी आत आली की शेठ इंजिन बघायचे, टायर बघायचे. मावशी पदर खोचून सरळ मागे जायची, काचेला तोंड लावल्यासारखं करून लांब श्वास सोडायची, हाऽऽ, आणि वाट बघायची. काच धुरकट व्हायची, आणि धुक्यातून एखादं नाव हळूहळू वर यायचं. दिसत असलेलं नाव नव्हे, त्याआधीच्या मालकाने लावलेलं आणि कधीच काढून टाकलेलं. काचेवर बोटाने चाचपलं तर काही लागायचं नाही. पण चिकट्याचा कणभर अंश राहतो, आणि वाफ तिथे वेगळी बसते. मावशी ते वाचायची, मान हलवायची आणि बाजूला व्हायची. मग बॉनेटजवळ जाऊन गाल टेकवल्यासारखी वाकायची आणि उन्हाच्या तिरीपेत रंग न्याहाळायची. रेडियमखालचा रंग उन्हाने विटत नाही, त्यामुळे रेडियम गेलं तरी त्याचा आकार रंगात उरतो.

"काय बघता, मावशी?" एकदा मी विचारलंच.

"पान."

"कसलं पान?"

ती माझ्याकडे नाही, माझ्या नखांकडे बघत म्हणाली, "अजून खायलीसच तू."

परीची गोष्ट त्याच वर्षीच्या पावसाळ्यातली. सीवूड्सच्या एका जोडप्याने आमच्याकडून एक लाल गाडी नेली होती. तिच्या मागच्या काचेवर 'परी' असं लिहिलेलं होतं, वर एक मुकुट. मावशीने ते काढलं होतं, फोटो मी काढला होता, काच आरशासारखी स्वच्छ होती. दोन आठवड्यांनी त्या बाईंचा फोन आला. शेठनी तो स्पीकरवर टाकला, अशा वेळी ते नेहमीच टाकायचे.

"ते नाव परत आलंय," बाई म्हणाल्या. आवाज खाली ठेवायचा प्रयत्न करत होत्या. "रोज सकाळी. आणि माझी मुलगी त्याच्याशी बोलतेय."

शेठनी फोन ठेवला आणि मावशीकडे पाहिलं. "जा गं बाय, बघून ये. म्याडम, तू बी जा. तुना इंग्लिश येतं, सोसायटीवाल्यांना समजाव."

सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग दमट होतं. भिंतींना पाझर फुटला होता. लाल गाडी एका खांबाशेजारी उभी होती आणि तिच्या मागच्या काचेवर, दवात लिहिल्यासारखं, मुकुटासकट नाव उभं होतं. बाई लिफ्टपाशीच थांबल्या. त्यांची चार वर्षांची मुलगी मात्र धावत आली आणि मावशीला म्हणाली, "तुम्ही परीच्या आजी का?"

"कोन परी?"

"ती मागे बसते. माझ्या बाजूला."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला होता. मावशी गुडघ्यावर बसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बसू दे की. तिची जागा होती ती. तू सरकून बसतीस का?"

"हो."

"मग झालं तर."

काच तिने तिथेच पुन्हा साफ केली, आतून-बाहेरून. पण निघताना बाईंनी माझा हात धरला. "खरं सांग," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "त्या मुलीला काही झालं होतं का? म्हणून त्यांनी गाडी विकली का?" मलाही तोच प्रश्न पडला होता.

यार्डात परत आल्यावर मावशी शेठच्या मागे लागली. आधीच्या मालकाला फोन लावा, आत्ता लावा. शेठ कुरकुरले, "काय सांगू त्याला? तुजी पोर जिती हाय का?" पण लावला. पलीकडून एक माणूस हसत बोलला, मागे एक मुलगी टीव्हीवरून भांडत होती. "पप्पा, रिमोट द्या ना!" परी पुण्यात होती, तिसरीत होती. त्यांनी मोठी गाडी घेतली होती, एवढंच.

शेठ पोट धरून हसले. "गेली तुजी भुताटकी!"

मावशी हसली नाही. स्टुलावर बसून तिने पदराने चेहरा पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिली. "म्हणजे जित्या माणसाचंबी उरतं," ती म्हणाली. "शेठ, जित्याचंबी उरतं बगा."

शेठ हसायचे थांबले. त्या दोघांना काहीतरी ठाऊक होतं, जे मला नव्हतं.

ते मला पेट्रोलच्या झाकणामुळे कळलं. जुन्या गाडीच्या फोटोंमध्ये आम्ही पेट्रोलचं झाकण उघडून आतली बाजूही दाखवतो, कारण बाहेरून रंग बदललेली गाडी तिथे पकडली जाते. आत ब्रश पोहोचत नाही, मूळ रंग तसाच राहतो. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की मावशीच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक गाडीच्या झाकणाआड नखाएवढा रेडियमचा तुकडा चिकटवलेला असतो. एखाद्या अक्षराची वेलांटी. मुकुटाचं टोक. गरुडाची चोच. शेठच्या नियमाच्या अगदी उलट.

मी शेठना सांगितलं नाही. मावशीला फोटो दाखवला.

तिने फोन लांब धरून पाहिला. "तुलाच दिसलं," ती म्हणाली. "दुपारी डबा माझ्यासोबत खा."

मावशीचं घर कामोठ्यात. मूळ गाव धाराशिवकडचं. नवऱ्याचं कामोठ्यात रेडियमचं छोटं दुकान होतं. तो अक्षरं कापायचा आणि चित्रं मावशी. तिचं ठरलेलं चित्र म्हणजे बोधिवृक्षाचं पान, पिंपळपान. बौद्ध वस्त्यांमधून तिच्या पानाला मागणी असायची. तिला सरळ पान मात्र कधी जमलं नाही. शेवटी हात वळायचा आणि पानाचं टोक डावीकडे झुकायचं. नवरा चिडवायचा, "तुझ्या पानाला वारा लागतो." त्यांचा एकुलता मुलगा अमोल लहानपणी उरलेले तुकडे गोळा करायचा आणि गिऱ्हाईक चहा पिईपर्यंत त्यांच्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणात चिकटवून यायचा. "पंपावर गेलं की त्यांना आपली आठवण येईल, आई," म्हणायचा.

नवरा गेला, दुकान गेलं. अमोलने हप्त्यावर पांढरी गाडी घेतली आणि ऑफिसच्या लोकांना ने-आण करायला लागला. मागच्या काचेवर आईच्या हातचं, तळहाताएवढं पान. एके दिवशी घरी आला तो गप्प. कुठल्याशा सोसायटीच्या गेटवर पानावरून कुणीतरी काहीतरी बोललं होतं. काय, ते त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "आई, पान काढून टाक."

"मी म्हणलं, पान निघायचं नाही," मावशी मला सांगत होती. भाकरीचा तुकडा तिच्या हातात तसाच होता. "म्हणलं, तुला लाज वाटत असंल तर तू नीघ. सकाळी ड्युटीला गेला. काचेवर पान होतं. मी खिडकीतून बघितलं की."

तो परत आला नाही. फोन बंद. चौकीत तक्रार झाली, नातेवाईक फिरले. कुणी म्हणालं घाटात दिसला, कुणी म्हणालं घाटात गाडी गेली. पुढे पुढे लोक त्याच्याबद्दल बोलताना 'होता' म्हणायला लागले. मावशीने ते एकदाही म्हटलं नाही.

"मानूस लपतो," ती म्हणाली. "गाडी लपत नाही. गाडी एक ना एक दिवस विकायला येतीच. नंबर बदलंल, रंग बदलंल. पानाचा डाग राहील." म्हणून ती या यार्डात आली होती. आणि म्हणूनच ती झाकणाआड तुकडे ठेवायची. "मी इतकं साफ करते, फोटो. दुसऱ्या कुनाची आई दुसऱ्या यार्डात अशीच बसली असंल. तिला काहीतरी गावाया नको?"

ती मला फोटो म्हणायची. माझं नाव तिने कधी विचारलं नव्हतं. चिकटवायचं नसेल तर नाव कशाला, असं तिचं काहीतरी असावं.

त्यानंतर मी यार्डात आलेल्या प्रत्येक गाडीकडे भीतीने बघायला लागले. पान सापडू नये असं मला वाटायचं. सापडलं, आणि गाडीचं तोंड चेपलेलं असलं तर? मावशी श्वास सोडायची तेव्हा मी माझा धरून ठेवायचे.

ती राखाडी गाडी दिवाळीनंतर आली. तेलंगणाची पाटी, बॉनेटवरून छतापर्यंत दोन जाड काळे पट्टे. मावशीने मागच्या काचेवर श्वास सोडला. काही उठलं नाही. काच नवी होती, कधीतरी बदललेली. बॉनेटवर वाकून पाहिलं. काही नाही. "चला," ती म्हणाली आणि पट्ट्यांना ऊब द्यायला बसली.

मी पलीकडे दुसऱ्या गाडीचे फोटो काढत होते. तिचं नेहमीचं पुटपुटणं ऐकू येत होतं, आणि मग ते थांबलं. तेवढ्यावरूनच मी वळून पाहिलं.

पट्टा सुटून आला होता, आणि त्याच्याबरोबर रंग आला होता. मावशीच्या हातून रंग उचलला गेलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. कुणीतरी ती गाडी स्वस्तात, नीट न घासताच रंगवली होती. राखाडी सालपट तिच्या बोटांत लोंबत होतं, आणि त्याखाली पांढरा रंग होता.

तिने दोरा खाली ठेवला. मशीन बंद केलं. मग दोन्ही हातांच्या नखांनी तिने राखाडी रंग धरला आणि ओढला. आवाज झाला, ओलं कापड फाटावं तसा. वीतभर पांढरं उघडं पडलं. तिने पुन्हा धरलं, पुन्हा ओढलं. ती काहीच बोलत नव्हती, ना काचेशी, ना रंगाशी. बॉनेटचा अर्धा भाग पांढरा झाला तेव्हा शेठ ऑफिसातून धावत आले.

"शालन! अगं येरी जालीस का? गारी नागडी केलीस!"

ती ओढतच राहिली. नखांच्या कडांना रक्त आलं होतं.

"पांढऱ्या गाऱ्या काय कमी हायेत का दुनियेत?" शेठनी तिचा दंड धरला. "बस जाला आता. ऊठ. घरी जा. कामावं येऊ नको." त्यांचा आवाज रागाचा होता, पण ते घाबरलेले दिसत होते. "रोज तेच, रोज तेच. पोर गेला तुजा, शालन. किती दिस त्या काचा फुंकशील?"

मावशी उठली. हात खाली सोडून ती फाटकाकडे चालायला लागली. सामान घेतलं नाही, चपलाही नाही. शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काय बघतेस? गारीला कवर घाल."

मी कव्हर घ्यायला गाडीच्या मागच्या बाजूला गेले. आणि सवयीने, कॅमेरा हातात होता म्हणून, पेट्रोलचं झाकण उघडलं.

आत मूळ पांढरा रंग होता. त्यावर पिंपळपान होतं. टोक डावीकडे झुकलेलं.

मला हाक मारायची होती. वाक्य जुळेना. मावशी फाटकापर्यंत पोहोचली होती. मग मी ओरडले, काय ओरडले ते मला आठवत नाही, शेठ नंतर म्हणाले की नुसतं "मावशी, नखं, मावशी, नखं" असं ओरडत होतीस.

ती आली. वाकली. पानाला हात लावला नाही, नुसती बघत राहिली. शेठ तिच्या मागून वाकले आणि त्यांच्या तोंडून फक्त "आई एकवीरे" एवढंच निघालं.

"फाडलेलं नाही," शेवटी मावशी म्हणाली. तिने बोट पानाच्या कडेवरून, न टेकवता, फिरवलं. "बगा शेठ. देठ बारीक असतो, घाई केली की पयला देठ तुटतो. देठ हाये. टोक हाये. ऊब देऊन काढलंय. सावकाश. मग इथं आणून लावलंय." तिने मान वर केली. "मेलेला मानूस असं काढतो का?"

पलीकडच्या कंपनीचा भोंगा झाला. ज्याने ते पान काचेवरून काढलं होतं त्याने ते टाकलं नव्हतं, आणि कुठे ठेवायचं ते त्याला माहीत होतं. पण ते कधी काढलं, आणि त्यानंतर काय झालं, हे पान सांगत नव्हतं.

शेठनी तिथेच उभ्या-उभ्या फोन लावले. ज्याने गाडी पाठवली त्याला, त्याने जिच्याकडून घेतली त्या एजन्सीला. हैदराबाद रोडवर, राज्याची हद्द ओलांडली की एक गॅरेज आहे, गाडी तिथून निघाली, एवढं कळलं. गॅरेजवाल्याने फोन उचलला नाही. शेठ खिशातून किल्ली काढत मावशीला म्हणाले, "बस गारीत."

"याच?"

"मंग कंच्या? हीच ओलखील ना त्याला."

संध्याकाळ होत आली होती. मी खोलीतून तिच्या चपला आणि पिशवी आणून दिली. मावशी पुढे बसली, आणि निघण्याआधी खिडकीतून हात बाहेर काढून तिने माझी बोटं धरली, अंगठ्याने एकेक नख चाचपलं. अर्धी पांढरी, अर्धी राखाडी, कातडं सोललेल्या जनावरासारखी दिसणारी ती गाडी फाटकातून बाहेर पडली आणि पनवेलच्या दिशेने वळली. पेट्रोलचं झाकण उघडंच राहिलं होतं. मी ओरडणार होते, तेवढ्यात मागून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरचे दिवे लागले आणि गाडीच्या कुशीत ते पान पेटल्यासारखं चमकलं. मग मी ओरडले नाही. ट्रकांच्या रांगेत गाडी दिसेनाशी झाली तरी तो ठिपका बराच वेळ दिसत होता.

शेठ तिसऱ्या दिवशी एसटीने परत आले, एकटे. मावशी पुन्हा यार्डात आली नाही. तिचा फोन लागतो, पण कुणी उचलत नाही. कामोठ्याच्या घराला कुलूप आहे. तिच्या जागेवर आता एक मुलगा ब्लेडने रेडियम काढतो, आणि आमच्या फोटोंमध्ये ओरखडे दिसतात. पत्र्याच्या खोलीचं दार मी उघडत नाही.

"गाडी कुठे आहे?" मी शेठना विचारलं होतं.

"तिकरंच."

"आणि अमोल?"

शेठ टेबलावरच्या काचेवर बोट फिरवू लागले. गॅरेजमध्ये कुणी धड बोलत नव्हतं, म्हणाले. मागे एक पत्र्याची खोली होती, तिथे रेडियम काढणारा एक माणूस राहतो, फार बोलत नाही, एवढंच एकाने सांगितलं. शालन पुढे गेली. दार लोटलेलं होतं. तिने ते ढकललं, आणि दाराच्या आतल्या बाजूवर शेठना ओळीने नावं दिसली, एकाला एक लागून, खालपासून वरपर्यंत.

"आत कालोख होता," शेठ म्हणाले. "मानूस माना दिसला नाय. खोटा कशाला सांगू? शालन दारात उभी रायली. हाक नाय मारली, रडली नाय. म्हनाली, नखं दाखव."

"मग?"

"मंग कालोखातून दोन हात पुढं आले."